लॉनमोवर ब्लेनी दिवसभर चरते, तरी पोट खपाटीला: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

लक्षणं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "सारखी काच चाटत असते, खाते तर चांगली, पण बारीक होत चाललीय." मासा म्हणजे लॉनमोवर ब्लेनी, शास्त्रीय नाव सालारियास फॅसिएटस. समुद्री टँकमधलं शेवाळ साफ करायला म्हणून विकली जाते आणि पहिले काही आठवडे ते काम झकास करते. मग हळूहळू सुकते. खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर तुमच्या टँकमध्येही तेच चाललंय असं समजा.

- बाजूने पाहिलं तर छातीमागचं पोट गोलसर नाही, सपाट किंवा आत ओढलेलं आहे.
- डोकं अंगाच्या मानाने मोठं वाटायला लागलंय.
- विष्ठा कमी झालीय, किंवा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबते.
- आधी टँकभर उड्या मारत फिरायची, आता एकाच बिळातून तोंड काढून बसते.
- कधी न शिवलेल्या पोवळ्यांना किंवा जिवंत शिंपल्याच्या मांसल कडेला टोचे मारायला लागलीय.
- मध्यंतरी टँक सगळा तपकिरी झाला होता, आता दगड आणि काच लख्ख आहेत.

शेवटचं लक्षण माशाचं नाही, टँकचं आहे. निदान मात्र बऱ्याचदा तिथेच लागतं.

दोन गोष्टींना घाबरू नका. रात्री आणि दिवे लागल्यानंतर थोडा वेळ ही ब्लेनी फिकी, डागाळलेली दिसते. तो तिचा झोपेतला रंग. आणि ती पाण्यात तरंगत न राहता दगडावर बसून राहते, कारण वाढ झालेल्या ब्लेनीला वाताशय नसतो. घशाखालच्या दोन बारीक पंखांवर टेकून बसणं आणि एका दगडावरून दुसऱ्यावर झेपावणं हीच तिची चाल.

मुळात बिघडतं काय

हा मासा तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पार समोआपर्यंत उथळ प्रवाळ पठारांवर आणि खाजणांत राहतो. पूर्ण वाढला तर साधारण 14 सेंटीमीटर. त्याचे दात मजबूत नसतात. ओठांवर कंगव्यासारखी बारीक, हलणाऱ्या दातांची रांग असते. लांब, चिवट शेवाळ कापायला हे दात उपयोगाचे नाहीत. दगडावरचा मऊ थर खरवडून गोळा करायला मात्र उत्तम. त्या थरात शेवाळाचे आखूड धागे असतात, डायटम (सूक्ष्म एकपेशी शेवाळ) असतात, जिवाणू असतात, आणि धाग्यांत अडकलेला सेंद्रिय गाळ असतो. ब्लेनीच्या पोटात जाणाऱ्या मालात या गाळाचा वाटा फार मोठा असतो.

आता नव्या टँकचं चक्र बघा. सुरुवातीच्या आठवड्यांत तपकिरी डायटमचा थर चढतो. मालक वैतागतो आणि ब्लेनी आणतो. ती थर फस्त करते, घरातले सगळे खूश. पण नव्या दगडावर तो थर पुन्हा त्याच वेगाने येत नाही. ब्लेनी खरवडत राहते, कारण तिचा स्वभावच तो. ओठ चालू असतात, पोटात जवळजवळ काही जात नाही. म्हणून माझा पहिला नियम असा की या माशाच्या बाबतीत तोंडाकडे बघून निष्कर्ष काढायचा नाही.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, खर्चाच्या नंतर. क्रम मोडू नका. बरेच जण थेट औषधाकडे उडी मारतात आणि उपाशी माशाला वर औषधाचा ताण देतात.

1. पोट बघा, तेही संध्याकाळी

दिवे बंद व्हायच्या आधीच्या तासात बघा. दिवसभर चरणाऱ्या माशाचं पोट तेव्हा सगळ्यात भरलेलं असायला हवं. सकाळी थोडं आत गेलेलं पोट काहीच सांगत नाही. संध्याकाळीही तसंच असेल तर ते बोलकं आहे. मोबाइलने काचेला समांतर धरून बाजूचा फोटो काढा आणि आठवडाभर रोज त्याच वेळी काढत राहा. रोज बघणाऱ्या डोळ्याला हळूहळू होणारा बदल कळत नाही, ओळीने लावलेल्या फोटोंत तो लगेच दिसतो.

मग ती समोरून तोंड करून बसली असताना पाठीकडे बघा. पाठीचा वरचा भाग गोल असेल तर अंगात अजून मांस आहे आणि तुमच्याकडे वेळ आहे. पाठ दोन्ही बाजूंनी दबून मधली कड धारदार दिसत असेल तर शरीराने स्नायू वापरायला सुरुवात केलीय. अशा वेळी पुढच्या तपासण्या एकेक आठवडा लावून करू नका. सहावी आणि सातवी पायरी आजच सुरू करा, बाकीचं बरोबरीने.

2. काचेवरचे ठसे

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. टँकची एक बाजूची काच घासणं थांबवा. चार-सहा दिवसांत तिच्यावर पातळ हिरवट धुरकट थर येईल. ब्लेनी तिथे तोंड लावते तेव्हा थरात ओठांच्या आकाराचे स्वच्छ ठसे उमटतात, एकाला एक चिकटून, ओळीने. टॉर्च तिरका धरला की स्पष्ट दिसतात.

ताजे, पूर्ण आकाराचे ठसे म्हणजे तोंड धड आहे आणि खरवडण्याची ताकद आहे. प्रश्न अन्नाचा आहे. थर असूनही ठसे नसतील किंवा अर्धवट, एका बाजूला ओढल्यासारखे असतील तर तोंडाला इजा आहे का बघा. पकडताना आणि प्रवासात ओठ सोलवटतात. ओठावर पांढरा कापसासारखा पुंजका, सूज किंवा न मिटणारं तोंड दिसलं तर घरगुती उपायांचा भाग इथेच संपला, थेट शेवटच्या 'इथे थांबा' भागावर जा.

ठसे बघतानाच विष्ठाही बघून घ्या. नीट खाणारी ब्लेनी भरपूर घाण करते. करडी-हिरवी, वाळूचे कण मिसळलेली, बसायच्या आवडत्या जागेखाली ढीग लागतो. ढीग नाही म्हणजे आत काही गेलेलं नाही.

3. दगडावर बोट फिरवा

हात धुऊन, साबण पूर्ण घालवून, तीन-चार ठिकाणी दगडावर बोट घासा. मऊ, बुळबुळीत थर बोटाला लागतो का? नुसता खरखरीत दगड किंवा जांभळी-गुलाबी कठीण साय लागत असेल तर ब्लेनीच्या दृष्टीने ताट रिकामं आहे. ती गुलाबी साय म्हणजे चुनखडीयुक्त शेवाळ, टँकसाठी छान, पण हिच्या दातांना दाद न देणारं.

उलट प्रकारही होतो. टँक हिरवागार असतो आणि मालक म्हणतो, एवढं शेवाळ असताना उपाशी कशी? कुठलं शेवाळ, ते बघा. बोटभर लांब केसाळ शेवाळ, फुग्यांसारखं गोल शेवाळ, पिसांसारखं दिसणारं ब्रायोप्सिस, आणि लाल-जांभळी बुळबुळीत चादर, जी खरं तर सायनोबॅक्टेरिया असते, यातलं काहीही ती धड खात नाही. लांब केसाळ शेवाळ हाताने उपटून आखूड केलंत तर नव्याने फुटणाऱ्या कोवळ्या धाग्यांना ती तोंड लावण्याची शक्यता वाढते.

4. वाटेकरी किती?

खुर्ची घेऊन अर्धा तास टँकसमोर बसा, फोन बाजूला ठेवून. पिवळा टँग आणि त्याची भावंडं, फॉक्सफेस असे मासे, टर्बो आणि अॅस्ट्रिया गोगलगाई, समुद्री साळू, हर्मिट खेकडे, हे सगळे त्याच थरावर जगतात. शंभर-सव्वाशे लिटरच्या टँकमध्ये ब्लेनी आणि पसाभर गोगलगाई म्हणजे मारामारी न होताही एकाची उपासमार ठरलेली. गोगलगाई रात्रीही चरतात, ब्लेनी झोपते. सकाळी दिवे लागतात तेव्हा ताट चाटून पुसून झालेलं असतं. निम्म्या गोगलगाई काढून दुसऱ्याला देणं हा फुकटातला उपाय आहे, पण का कोण जाणे, लोक तो सगळ्यात शेवटी करतात.

दुसरा प्रश्न दहशतीचा. डॅमसेल, डॉटीबॅक यांसारखा मासा किंवा दुसरी ब्लेनी तिला बिळातून बाहेर पडू देत नाही का? पंखांच्या कडा फाटलेल्या, बाहेर येऊन दोन टोचे आणि परत आत, असं दिसलं तर अन्न कितीही वाढवून उपयोग नाही. दगडांची मांडणी बदला, म्हणजे सगळ्यांच्या हद्दी मोडतात. तरी थांबलं नाही तर दोघांपैकी एकाला हलवा. एका टँकमध्ये एकच ब्लेनी, हे बरं.

5. पाणी

आता थोडा खर्च. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. थोडेही आले तर अन्नाचा विषय बाजूला ठेवून आधी पाणी बदला. अमोनियाने कल्ले जळतात आणि भूक मरते. सापेक्ष घनता (खारटपणाचं माप) 1.023 ते 1.026 आणि तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस, तेही दिवसभर स्थिर.

नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र वेगळ्या नजरेने बघा. हे दोन्ही शून्य आले की लोकांना अभिमान वाटतो. ब्लेनीसाठी शून्य म्हणजे शेवाळाला खतच नाही. फॉस्फेट शोषणारं माध्यम सम्पमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) चालू असेल तर कमी करा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) फारच जोरात ओढत असेल तर थोडा सैल करा. नायट्रेट 5 ते 10 पीपीएमच्या आसपास असलेला टँक बहुतेक पोवळ्यांनाही चालतो. मुद्दाम रसायन ओतून आकडे वाढवू नका, पुढच्या पायरीत अन्न वाढवलं की ते आपोआप चढतात.

6. अन्न बाहेरून द्या

बहुसंख्य ब्लेनी या पायरीवर सुधारतात, आणि बहुसंख्य मालक इथेच दोन दिवसांत हात टेकतात. तिची लांब आतडी थोडं थोडं पण सतत खाण्यासाठी आहेत, त्यामुळे दिवसातून एकदा मूठभर टाकणं उपयोगाचं नाही. आणि वरून पडणारी गोष्ट अन्न असते हे तिला शिकावं लागतं. निसर्गात तिचं जेवण दगडाला चिकटलेलं असतं.

म्हणून दगडापासून सुरुवात करा. साधी नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद) घ्या, मीठ, तेल, साखर, मसाला काहीही नसलेली. पाचेक सेंटीमीटरचा तुकडा तिच्या बिळाजवळच्या चपट्या दगडावर ठेवून रबर बँडने घट्ट बांधा. काचेवरच्या क्लिपला लटकणारा, प्रवाहात फडफडणारा तुकडा टँग मजेत ओढतात. ब्लेनी त्याला घाबरते. प्रवाह कमी असलेली जागा निवडा. चोवीस तासांत उरलेलं काढून टाका, नाहीतर कुजतं आणि सुटलेले तुकडे पंपाच्या जाळीत जाऊन बसतात.

पहिले दोन-तीन दिवस ती ढुंकूनही बघणार नाही. चालेल. रोज त्याच जागी, त्याच वेळी ठेवत राहा.

नोरी नाकारलीच तर लेप करा. भिजवलेली नोरी, स्पिरुलिना पावडर आणि चुरलेल्या बुडणाऱ्या शाकाहारी गोळ्या एकत्र वाटा. थोडं अगर-अगर पाण्यात उकळून कोमट होऊ द्या, त्यात हे मिसळा आणि मेलेल्या पोवळ्याच्या खडबडीत तुकड्यांवर पातळ थापा. अगर घट्ट धरल्यामुळे पाण्यात लगेच विरघळत नाही आणि ब्लेनीला हवी असते ती खरवडायची क्रिया करता येते. (अगर स्वतःच समुद्री शेवाळापासून बनतं, त्यामुळे पोटात गेलं तरी परकं काही नाही.) थापलेले तुकडे फ्रीझरमध्ये टिकतात. रोज एक सकाळी, एक दुपारी.

तिसरा मार्ग सगळ्यात संथ, पण मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: फिरते दगड. पाणी बदलताना निघालेलं खारं पाणी पारदर्शक डब्यात भरा, त्यात मुठीएवढे सच्छिद्र दगड टाका, हवेचा बारीक पंप लावा आणि डबा भरपूर उजेडात ठेवा. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्याने भरून काढा, नाहीतर खारटपणा चढत जातो. दोन-तीन आठवड्यांत दगडांवर तपकिरी-हिरवा मऊ थर येतो. एक दगड टँकमध्ये, चाटून झाला की परत डब्यात, दुसरा टँकमध्ये. झाडांचं खत डब्यात घालू नका. त्यात तांबं असू शकतं, आणि ते दगडाबरोबर टँकमध्ये येऊन गोगलगाई, कोळंबी आणि पोवळ्यांच्या जिवावर उठतं.

मायसिस किंवा पोषक द्रव्यात भिजवलेली ब्राइन श्रिम्प (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव) ती खात असेल तर सुरुवातीला जरूर द्या, पिपेटने तिच्या तोंडापुढे सोडून. भूक जागी होते आणि वजन लवकर भरतं. पण रोजचं मुख्य जेवण वनस्पतीचंच ठेवा. एकदा का ती गोळ्या उचलायला शिकली की टँक किती स्वच्छ आहे याची काळजी जवळजवळ संपते. अशा ब्लेनी वर्षानुवर्षं टिकतात.

सुधारणा कशी ओळखायची? विष्ठा आधी वाढते, पोट नंतर भरतं, पाठ सगळ्यात शेवटी. दोन-तीन आठवडे द्या.

7. पेटीत वेगळी ठेवा

खायला तयार आहे पण इतर मासे आधी पोहोचतात, किंवा खाते की नाही हेच कळत नाही, तेव्हा टँकच्या आतच काचेला अडकवायची भोकांची प्लॅस्टिक पेटी वापरा. पाणी तेच, तापमान तेच, स्पर्धा शून्य. आत लपायला नळीचा तुकडा आणि एक शेवाळलेला दगड ठेवा. पेटीला झाकण हवंच. ब्लेनी उडी मारण्यात पटाईत असते. मुख्य टँकलाही जाळी नसेल तर हे निमित्त साधून बसवून टाका.

पेटीत किती टाकलं आणि किती उरलं हे मोजता येतं. पुढच्या निर्णयासाठी हीच माहिती लागते: ती खात नाहीये, की खाऊनही अंगी लागत नाहीये?

8. खाते, तरी अंगी लागत नाही

पेटीत दहा-बारा दिवस डोळ्यांदेखत पोटभर खाल्लं, पाणी ठीक आहे, आणि तरी पाठ बसत चाललीय, सोबत पांढरी, पोकळ दोऱ्यासारखी विष्ठा. आता आतड्यांतल्या परजीवींचा संशय घ्यायचा. आधी नाही. उपाशी माशाचीही विष्ठा पांढरी होते, कारण आतड्यात नुसता श्लेष्म उरलेला असतो. खात नसलेल्या ब्लेनीची पांढरी विष्ठा बघून औषध सुरू करणं हा या दुखण्यातला सगळ्यात महागडा गोंधळ.

आणि परजीवींतही एक जात नसते. कशाभिकायुक्त (चाबकासारखी शेपटी असलेल्या) एकपेशी जिवांवर मेट्रोनिडॅझोल चालतं, चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल, गोल कृमींवर फेनबेंडॅझोल. सूक्ष्मदर्शकाखाली ताजी विष्ठा बघितल्याशिवाय यातलं कुठलं हे ठरवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पुढीलपैकी काहीही दिसलं तर प्रयोग बंद करून माशांचे आजार हाताळणाऱ्या पशुवैद्याला गाठा: पेटीत सगळे प्रकार करूनही चार-पाच दिवस काहीच तोंडात नाही, अन्न वाढवूनही पाठ धारदारच, एका कुशीवर कलंडते, तोंड उघडंच राहतं किंवा कल्ले विश्रांतीतही धापा टाकल्यासारखे चालतात, अंगावर लाल रेघा, जखमा, तोंडावर पांढरा पुंजका, आठव्या पायरीतली परिस्थिती, किंवा एकाच वेळी दुसरा मासाही ढासळतोय. शेवटच्या प्रकारात तर हा प्रश्न ब्लेनीचा उरलेलाच नाही.

तोवर मुख्य टँकमध्ये कुठलंही औषध ओतू नका. तांब्याची औषधं बिनकण्याच्या सगळ्या जिवांना मारतात आणि दगड-वाळूत मुरून राहतात. ब्लेनीच्या अंगावर खवलेही नसतात, त्यामुळे मात्रेच्या बाबतीत तिच्याशी जास्तच जपून वागावं लागतं. औषध द्यायचंच झालं तर वेगळ्या टँकमध्ये, पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत, आणि फिल्टरमधला कार्बन काढून, नाहीतर औषध तोच शोषून घेतो.

डॉक्टरकडे जाताना रोजचे फोटो, पाण्याचे ताजे आकडे, टँकचं वय आणि आकारमान, आतापर्यंत काय काय दिलं त्याची यादी, आणि टँकच्याच पाण्यात ठेवलेली त्याच दिवशीची विष्ठा बरोबर न्या.

एक थांबा याच्याही अलीकडे आहे, त्याला पशुवैद्य लागत नाही. टँक सहा महिन्यांच्या आतला असेल, लहान असेल, आणि रोज दगड फिरवायला किंवा लेप थापायला वेळ नसेल, तर मासा अजून धडधाकट असतानाच जुन्या, मोठ्या, थोड्या अस्वच्छ टँकवाल्याला देऊन टाका. देताना ती काय खाते, कुठल्या वेळी आणि कुठल्या दगडावरून, हे लिहून द्या. शेवाळलेला एखादा दगडही सोबत पाठवा, नव्या जागी पहिले दोन दिवस तिला खायला ओळखीचं काहीतरी मिळतं.